तोंड वाकडं झालेलं दिसलं, डोळ्याचं राहून गेलं

"ताई, तोंड वाकडं झालं म्हणजे एमएसच का?" मोबाइलवर काहीबाही वाचून आलेली माणसं हे हमखास विचारतात. एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदूतल्या नसांचं आवरण झिजवणारा आजार. तर नाही. एका बाजूचा चेहरा अचानक लुळा पडलेल्यांत बेल्स पाल्सीच (चेहऱ्याची नस सुजण्याचा आजार) जास्त, आणि त्यातले बहुतेक काही आठवड्यांत, महिन्यांत सावरतात. फक्त तीन दिवसांच्या आत डॉक्टर गाठावा, स्टेरॉइडचा उपयोग तेव्हाच जास्त. एमएसची सुरुवात चेहऱ्यापासून होणं विरळा.

त्या विरळ्यांतली एक माझ्यासमोर बसली होती. जळगावच्या यावलकडची सून, वय 28 (ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत). मे महिन्यात चूळ भरताना पाणी ओठातून गळालं, डावा डोळा मिटेना. सासूबाईंचं निदान तयार: कूलरचं वारं लागलं. कपाळावर आठीही पडत नव्हती. मेंदूच्या झटक्यात कपाळ बहुधा हलतं, म्हणून हे बेल्स पाल्सीच वाटलं. गोळ्यांनी चेहरा सरळ झाला, पण एकाचे दोन दिसू लागले, म्हणून डॉक्टरांनी एमआरआय सांगितला. "तोंड तर नीट झालं, आता खर्च कशाला?" यावर घर अडलं आणि माझ्याकडे आलं.

मी विचारलं, याआधी काही? ती सासूकडे बघून गप्प. सासूबाईंना चहाला पाठवलं, तेव्हा बोलली. दोन वर्षांपूर्वी एक डोळा तीन आठवडे धूसर होता, फिरवला की दुखायचा. भर उन्हात कपाशी निंदताना पाय जड व्हायचे, दिसणं मंदावायचं. सावलीत बसलं की पुन्हा ठीक. "कामचुकार म्हणतील, म्हणून बोलले नाही."

अंग तापलं की एमएसमध्ये असं होतं. श्रमानंतर दिसणं मंदावतं, हे ऊथॉफ नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञाने 1890 मध्येच नोंदवलंय; कारण उष्णता, हे नंतर कळलं. नसेवरचं आवरण झिजलेलं असतं, उष्णतेत संदेश अडखळतात. उन्हानं आजार वाढत नाही, लक्षणं तेवढी वर येतात. पण आमच्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, तिथे शंका कोणाला येणार! शेवटी केलेल्या एमआरआयमध्ये एमएसचे डाग दिसले. एक मेंदूच्या देठात, चेहऱ्याची नस निघते तिथेच, म्हणून सगळं बेल्स पाल्सीसारखं दिसलं.

"मनी सून नीट व्हई ना, ताई?" सासूबाईंचा आवाज बसला होता. मी खोटं बोलले नाही. मुळासकट जात नाही, पण औषधांनी आजाराचं पुन्हा पुन्हा उसळणं कमी होतं. बाधा नाही, संसर्ग नाही. मूलही होऊ शकतं, औषधं डॉक्टरांना विचारून आखायची.

या उन्हाळ्यात दुपारचं शेत सासूबाईंनी तिला बंद केलं. पहाटेचं धुणं मात्र अजून तिच्याच वाट्याला आहे.