थर्मो राहिलं म्हणून मेकॅनिकल सोडू नकोस

प्रश्न : सर, मी अंबाजोगाईजवळच्या गावातली. मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. थर्मोडायनॅमिक्सचा पेपर दोनदा राहिला. सूत्रं पाठ आहेत, पण गणित समोर आलं की कोणतं लावायचं तेच सुचत नाही. सोबत वहीची पानं पाठवतेय. इंजिनिअरिंग सोडून बीएस्सीला जाऊ का?

उत्तर : नको, बाळा. पानं नीट पाहिली. तुझं गणित कच्चं नाही. आकडे दिसले की तू लगेच सूत्राकडे धावतेस, घोटाळा तिथंच होतो. आधी तुटक रेघेची चौकट काढ. आत काय, बाहेर काय, रेघ ओलांडून काय जातंय? शिट्टी व्हायच्या आधीचा कुकर ही बंद प्रणाली. शिट्टी झाली, वाफ बाहेर पडली की ती खुली. बंद असेल तर अंतर्गत ऊर्जा बघायची. वाफ सतत आत-बाहेर वाहत असेल तर एन्थाल्पी, म्हणजे अंतर्गत ऊर्जा अधिक वाफ ढकलायचं काम.

तिसऱ्या पानावर कार्नो इंजिनाची कार्यक्षमता तू ९२ टक्के काढलीस. ५४० आणि ४० अंश सेल्सिअस तसेच टाकलेस. केल्विनमध्ये, म्हणजे २७३ मिळवून, ते ८१३ आणि ३१३ होतात, उत्तर येतं साडेएकसष्ट. तेही आदर्श इंजिनाचं. ९२ हा आकडा तुला खटकायला हवा होता, कारण परळीचं औष्णिक केंद्र तुझ्या गावापासून लांब नाही. तिथं कोळशाच्या उष्णतेतली जेमतेम एक तृतीयांश वीज होते. उरलेल्यातली बरीचशी कंडेन्सरमधल्या थंड पाण्याला द्यावीच लागते, तेव्हा कुठं वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि चक्र फिरतं. २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये ते केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं, आठवतं ना घरच्यांना? थर्मोचा दुसरा नियम, म्हणजे सगळ्या उष्णतेचं काम होत नाही, काही थंड बाजूला सोडावीच लागते, हा आपल्या जिल्ह्यानं भोगलाय गं, तो तुला पाठ करायची गरज नाही.

आता स्टीम टेबल, म्हणजे पाणी-वाफेच्या आकड्यांचा तक्ता, उघड. एक किलो पाणी ३० वरून १०० अंशांवर न्यायला साधारण २९३ किलोज्यूल लागतात, आणि त्याच १०० अंशांच्या पाण्याची वाफ करायला २२५७. हे दोन्ही आकडे टेबलातून स्वतः काढ. टेबलाची भीती तिथंच मोडेल.

साखर कारखान्यांच्या बॉयलर-टर्बाइनपासून रेफ्रिजरेशनपर्यंत हाच पाया आहे, म्हणून घाईत शाखा सोडू नकोस. रोज दोनच गणितं कर, पण चौकट काढून. दहा झाली की वही पाठव, मी तपासतो.