साडेनऊ इंची चाकांसाठी एफडी मोडू का?

उदगीरच्या एका वाचकाने विचारलं आहे: "वय ३३, स्वतःचं मेडिकल दुकान. दुकानातून घरी महिन्याला साधारण ७०,००० येतात. घरखर्च ३८,०००, घराचा हप्ता १८,०००, एसआयपी १०,०००. दीड लाखाची एफडी आहे. दोन वर्षांपूर्वी जुनी ऑडी टीटी घेतली, कॉलेजपासूनचं स्वप्न होतं. परवा अहमदपूरजवळ खड्ड्यात एक रिम वाकली. लातूरला सरळ करायचे ४,००० सांगितले. पुण्याचे एक दुकानदार म्हणतात, चारही बदलून टाका: १९ इंची, साडेनऊ रुंदी, ऑफसेट ३५, टायर २५५/३५. अलॉय १,३०,०००, टायर ८८,०००, फिटिंग आणि फेंडर रोलिंग १२,०००. सध्या कंपनीची १८ इंची, ९ रुंदीची, ऑफसेट ५२ ची चाकं आहेत, टायर २४५/४०. एफडी मोडू, की तीन वर्षांचं पर्सनल लोन घेऊ? व्याज १४ टक्के आहे."

नमस्कार. एफडी मोडू नका आणि कर्जही काढू नका. गाडी घेतलीत याबद्दल माझी काही तक्रार नाही. मराठवाड्यातल्या माणसाने गाडीची हौस करू नये, असं मला कधीच वाटलं नाही. २०१० मध्ये औरंगाबादकरांनी एकत्र येऊन दीडशे मर्सिडीज घेतल्या, तेव्हा गाड्यांवर सवलत आणि कर्जावर कमी व्याज, दोन्ही पदरात पाडून घेतलं होतं. हौस पुरवताना हिशेबही चोख ठेवला होता. तोच हिशेब तुमच्या चाकांना लावून बघू.

आधी माप बघू, कारण या व्यवहारातला पैसा मापातच अडकला आहे. ऑफसेट म्हणजे रिमच्या रुंदीच्या बरोबर मध्यापासून हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक बोल्टने बसतं त्याला) टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर, मिलिमीटरमध्ये. आकडा जितका लहान, तितकं चाक बाहेर. तुमचा ऑफसेट ५२ वरून ३५ वर येतोय, म्हणजे १७ मिलिमीटर बाहेर. शिवाय रिम अर्धा इंच रुंद झाली, त्यातला अर्धा वाटा बाहेरच्या बाजूला, म्हणजे आणखी सहा-साडेसहा मिलिमीटर. एकूण साधारण २३ मिलिमीटर. घरातली पट्टी घ्या आणि मडगार्डच्या कडेला २३ मिलिमीटर धरून बघा. चाक तेवढं बाहेर येणार आहे.

दुकानदारालाही हे ठाऊक आहे, म्हणून तर कोटेशनमध्ये फेंडर रोलिंग आलं. मडगार्डची आतली कड दाबून दुमडायची, म्हणजे टायर घासणार नाही. जुन्या गाडीचा रंग तिथे तडकला की पावसाळ्यात गंज धरतो. ज्या चाकासाठी गाडीचा पत्रा वाकवावा लागतो, ते चाक त्या गाडीच्या मापाचं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. व्हील बेअरिंगवर जास्त ताण येतो आणि खराब रस्त्यावर स्टिअरिंग हातात ओढ घेतं, तेही आहेच.

टायरच्या व्यासाच्या बाबतीत मात्र दुकानदारांनी सुचवलेलं माप बरोबर आहे. आताचा टायर साधारण ६५३ मिलिमीटर, नवा ६६१. फरक सव्वा टक्क्याच्या आत, स्पीडोमीटरला त्रास नाही. पण टायरची भिंत, म्हणजे रिमच्या कडेपासून रस्त्यापर्यंतची रबराची उंची, ९८ वरून ८९ मिलिमीटरवर येते. आपल्या काळ्या मातीवरचे रस्ते तुम्हाला मी काय सांगणार? पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि डांबर लाटेसारखं वरखाली होतं. ९८ ची भिंत असताना रिम वाकली, तर ८९ वर काय होईल?

आता पैसा. २,३०,००० चं कर्ज, १४ टक्के, ३६ महिने: हप्ता साधारण ७,८६०. एकूण भरणा २ लाख ८३ हजार, त्यात व्याज ५३,०००. तुमच्या हातात महिन्याला उरतात ४,०००. म्हणजे हप्त्याचे बाकीचे ३,८६० एसआयपीतूनच जाणार, आणि तीन वर्षांनी तुमच्याकडे एसआयपीचा मोठा भाग नसेल, झिजलेले टायर मात्र असतील.

एफडीचं म्हणाल, तर ती मोडूनही ८०,००० कमीच पडतात. आणि ती तुमची शिल्लक नाही, ती तुमच्या दुकानाची ढाल आहे. खर्च आणि घराचा हप्ता धरून महिन्याला ५६,००० लागतात, म्हणजे ही एफडी तीन महिनेही पुरत नाही. मेडिकल दुकानदाराला स्टॉकिस्टचे पैसे ठरल्या दिवशी द्यावे लागतात, आणि गिऱ्हाइकाची उधारी मात्र सोयाबीनचे पैसे हातात आल्यावर सुटते. ज्या वर्षी सोयाबीन पाण्यात जातं त्या वर्षी काय होतं, हे उदगीरच्या मोंढ्यात वेगळं सांगावं लागत नाही. मला तर ही एफडी दुप्पट झालेली बघायची आहे.

विम्याचाही विचार करा. साध्या मोटार पॉलिसीत नुसता टायर फुटला तर काही मिळत नाही. त्याच वेळी गाडीचंही नुकसान झालं असेल तरच मिळतं, तेही टायरच्या किमतीच्या ५० टक्क्यांपर्यंत. बाहेरून बसवलेली चाकं कंपनीला कळवून, जादा प्रीमियम भरून पॉलिसीत नोंदवली नाहीत, तर दाव्याच्या वेळी वाद होतो. आणि उद्या गाडी विकायला काढलीत, तर घेणारा कंपनीची चाकं आधी विचारेल.

मग काय करायचं? वाकलेली रिम खोलून स्वच्छ धुऊन घ्या आणि आतल्या बाजूने बारकाईने तपासा. फक्त वाक असेल तर ४,००० देऊन सरळ करा, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करा. केसाएवढी जरी चीर दिसली, तर वेल्डिंग करून चालवू नका. त्याच मापाची एक जुनी मूळ रिम शोधा.

तरीही नवी चाकं हवीच असतील, आणि मला वाटतं ती तुम्हाला हवी आहेत, तर १८ इंचीच बघा: साडेआठ रुंदी, ऑफसेट ४५. यात बाहेरची कड आत्ताच्या कडेपासून एक मिलिमीटरही सरकत नाही आणि आतल्या बाजूला जागा वाढते. तुमचे २४५/४० टायर साडेआठच्या रिमवर नीट बसतात, त्यामुळे टायरचे ८८,००० वाचले आणि फेंडरला हात लावायची गरज नाही. त्यासाठी दरमहा उरणारे ४,००० वेगळ्या आवर्ती ठेवीत टाका. एसआयपी चालू राहू द्या. वर्षभरात ४८,००० होतील, दीड वर्षात ७२,०००. तेव्हा चांगला सेट रोखीने घ्या.

घेताना पीसीडी, म्हणजे बोल्टची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास, ५ बाय ११२ आहे ना, आणि मधलं भोक ५७.१ चं आहे की त्याहून मोठं, हे विचारा. माझ्या पहिल्या गाडीला मी हौसेने अलॉय लावली, तेव्हा हे विचारलं नव्हतं. भोक मोठं होतं, ती फट भरणारी हब रिंग बसवलीच नव्हती, आणि ताशी ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरायचं. तीनदा बॅलन्सिंगचे पैसे दिल्यावर एका म्हाताऱ्या मेकॅनिकने चाक उतरवून ती फट मला बोटाने दाखवली. बोल्टही बघा: ऑडीच्या मूळ बोल्टची बैठक, म्हणजे रिमला टेकणारा भाग, गोल असते, बाहेरच्या बऱ्याच रिमना निमुळती लागते.

पूर्ण पैसे देण्याआधी एकच चाक पुढे चढवून घ्या. गाडी जॅकवरून खाली उतरवा, आत दोघांना बसवा, स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवा, आणि टायर व मडगार्डच्या मधे बोट घालून बघा. मागेही तेच करा. दुकानदार याला तयार नसेल, तर बयाणासुद्धा देऊ नका.