सेफ (Ceph, अनेक सर्व्हरच्या डिस्क जोडून एकच साठा बनवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या क्लस्टरमधल्या हार्ड डिस्कचा राइट कॅशे बंद केला की वेग वाढतो, हे खरं आहे का?

बहुतेक वेळा खरं आहे, आणि तुमच्या मांडणीत मी आधी तेच करून बघेन. तीन नोड (म्हणजे सर्व्हर), प्रत्येकी ७२०० आरपीएमच्या १२ सॅटा डिस्क, डेटाच्या तीन प्रती, आणि डेटाबेसच्या व्हीएमचे (व्हर्च्युअल मशीनचे) छोटे छोटे राइट रखडतात, असं तुम्ही लिहिलंय. 'कॅशे बंद केला तर उलट अजून हळू होणार ना?' ही तुमची शंकाही रास्त आहे. मला पहिल्यांदा हे कुणी सांगितलं तेव्हा मी हसलो होतो.

डिस्कचा राइट कॅशे म्हणजे दुकानात गल्ल्यापाशी ठेवलेली कच्ची चिठ्ठी. गिऱ्हाईक आलं, चिठ्ठीवर खरडलं, 'झालं' म्हणून त्याला मोकळं केलं. खतावणीत नंतर सवडीने उतरवायचं. घरच्या कॉम्प्युटरला हे झकास चालतं. पण सेफचा त्या चिठ्ठीवर विश्वास नाही, आणि नसावाच, कारण वीज गेली की चिठ्ठीही गेली. (नाव ऑक्टोपसच्या कुळावरून, सेफॅलोपॉडवरून आलंय, पण मराठीत वाचताना भलतीच खात्री वाटते.) म्हणून ब्लूस्टोअर, म्हणजे सेफचा डिस्कवर लिहिणारा भाग, प्रत्येक व्यवहार पक्का करताना लिनक्स कर्नलमार्फत डिस्कला फ्लश पाठवतो: चिठ्ठीवरचं सगळं आत्ताच्या आत्ता खतावणीत उतरव, मगच पोहोच दे.

गोम इथे आहे. एरवी सॅटा डिस्क एनसीक्यू या रांग लावण्याच्या सोयीमुळे ३२ कामं रांगेत घेते आणि हेड जिथे असेल त्या सोयीने ती उरकते. फ्लश मात्र त्या रांगेत बसत नाही. तो द्यायचा तर आधी रांग रिकामी व्हावी लागते, आणि तो चालू असेपर्यंत काउंटर बंद. शिवाय तो फक्त तुमच्या ४ केबीपुरता नसतो. त्या क्षणी कॅशेत दुसऱ्या व्हीएमचं, रिकव्हरीचं (हरवलेल्या प्रती पुन्हा बनवण्याचं) जे काही साठलंय ते सगळं तबकडीवर उतरवावं लागतं. ७२०० आरपीएमला एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची. विखुरलेल्या पाच-दहा जागा गाठायच्या म्हटल्या तरी किती वेळ जाईल याचा हिशेब तुम्हीच करा. त्यात तिन्ही प्रती पक्क्या झाल्याशिवाय क्लायंटला उत्तर जात नाही, म्हणजे तिघांत जी सगळ्यात मंद तीच तुमचा वेग ठरवते.

कॅशे बंद केला की कर्नल त्या डिस्कला 'राइट थ्रू' समजतो आणि फ्लश पाठवणंच थांबवतो. राइट पूर्ण झाला म्हणजे तो पक्का झाला. रांग अखंड चालू राहते. काही एंटरप्राइज डिस्कमध्ये तबकडीवरच एक पट्टा राखून ठेवलेला असतो. छोटे राइट आधी तिथे ओळीने लिहायचे आणि नंतर आपापल्या जागी न्यायचे. अशा डिस्कवर फरक डोळ्यांत भरतो.

सॅटा डिस्क असेल तर एचडीपार्म या कमांडला मोठा डब्ल्यू आणि शून्य द्या. सॅस असेल तर एसडीपार्मने डब्ल्यूसीई (राइट कॅशे चालू असल्याची खूण) शून्यावर आणा. मग सिसएफएसमध्ये (लिनक्सच्या /sys फोल्डरमध्ये) त्या डिस्कची 'कॅशे टाइप' फाइल उघडून बघा, तिथे 'राइट थ्रू' दिसलं पाहिजे. डिस्कने ऐकलं पण कर्नल अजून 'राइट बॅक' (कॅशे चालू) असंच म्हणतोय, असं झालं तर फ्लश चालूच राहतात आणि मग लोक म्हणतात 'काही फरक पडला नाही'.

याच्या उलटी चूक जास्त महागात पडते. ब्लॉक डिव्हाइसच्या क्यू फोल्डरमध्ये 'राइट कॅशे' नावाची आणखी एक फाइल आहे. तिच्यात 'राइट थ्रू' लिहिलं तर बदलते ती फक्त कर्नलची समजूत. डिस्कला कुणी काही सांगत नाही, तिचा कॅशे चालूच, आणि फ्लश मात्र बंद. 'कॅशे टाइप'मध्ये 'टेंपररी' शब्द लावून लिहिलं तरी तेच होतं. आकडे भन्नाट येतात, पण सगळ्या रॅकची वीज एकदम गेली तर तिन्ही प्रती एकाच वेळी खोट्या ठरू शकतात. 'राइट कॅशे' फाइलला आणि त्या 'टेंपररी' शब्दाला हात लावू नका.

दुसरी गोष्ट माझ्याच हातून झालेली. सगळ्या डिस्क नीट केल्या, महिनाभर निवांत. मग एक डिस्क गेली, नवी बसवली, बॅकफिल झालं (तिच्यावर डेटा पुन्हा भरला गेला), तिकीट बंद. काही दिवसांनी 'सेफ ओएसडी पर्फ'मध्ये एकाच ओएसडीची (एका डिस्कचा कारभार पाहणाऱ्या सेफच्या प्रक्रियेची) कमिट लेटन्सी, म्हणजे राइट पक्का व्हायला लागणारा वेळ, बाकीच्यांपेक्षा कायम वर. केबल बदलली, स्लॉट बदलला, डिस्कचा स्मार्ट हा आरोग्य-अहवाल तपासला. अर्धा दिवस घालवल्यावर सुचलं: नवी डिस्क कारखान्यातून कॅशे चालू ठेवूनच आली होती. एचडीपार्मची सेटिंग वीज गेल्यावर टिकेलच असंही नाही. तेव्हा हे काम हाताने न करता युडेव्हच्या नियमात टाका, म्हणजे डिस्क दिसली की आपोआप लागू होईल.

आधी एकाच नोडवर करा आणि 'सेफ टेल'च्या बेंचने ४ केबीचे राइट आधी आणि नंतर मोजा. रिकामी डिस्क हाताशी असेल तर एफआयओ हे मोजमापाचं साधन चालवा: डेप्थ १ (एका वेळी एकच काम), प्रत्येक राइटनंतर एफसिंक (पक्कं करायचा हुकूम). भरलेल्या डिस्कवर चुकूनही चालवू नका, डेटा पुसला जातो.

रॉक्सडीबी (ब्लूस्टोअरची नोंदवही) आणि वॉल (WAL, तिची आगाऊ नोंद) आधीच एनव्हीएमईवर (वेगवान एसएसडीवर) असतील तर फार अपेक्षा ठेवू नका, छोटे राइट तसेही आधी तिकडेच जातात. पॉवर लॉस प्रोटेक्शन (वीज गेल्यावर कॅशे वाचवण्याची सोय) नसलेल्या घरगुती एसएसडीवर हा उपाय उलटण्याची शक्यता जास्त.

प्रश्नात डिस्कचं मॉडेल आणि डिस्क व सर्व्हरच्या मधलं कार्ड कोणतं ते लिहिलेलं नाही. कार्ड एचबीए मोडमध्ये (डिस्क जशीच्या तशी सिस्टिमला दाखवणाऱ्या) असेल तर वरचं सगळं लागू. रेड (RAID, अनेक डिस्क कार्डानेच एकत्र बांधण्याच्या) मोडमध्ये बॅटरीवाल्या कॅशेसह असेल तर डिस्कचा कॅशे त्या कार्डच्या टूलमधूनच बंद करावा लागेल, आणि त्याआधी बॅटरी जिवंत आहे का ते बघा. ती मेली की बरीच कार्डं गुपचूप राइट थ्रूवर जातात, आणि मग तुमचं दुखणं कदाचित तिथेच असेल.