एवढं करूनही हलकं का वाटत नाही?

प्रश्न: वडिलांशी माझं भांडण झालं होतं, नऊ वर्षं बोललो नाही आणि ते गेले. तेव्हापासून दान देतो, आजारी माणसांजवळ जाऊन बसतो, एक रविवार चुकवत नाही, तरी मनावरचं ओझं जात नाही. आमच्या चर्चचे पाळक म्हणतात तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेनं मिळतं, कर्मांनी नाही. मग मी करतोय ते सगळं वाया का? आणि फुकटच मिळत असेल तर कुणी चांगलं कशाला वागेल?

उत्तर: तुमचं पत्र दोन-तीनदा वाचलं. वाया काही गेलेलं नाही हो, ज्यांच्याजवळ तुम्ही बसलात त्यांना आधार झालाच की. पण नऊ वर्षांचा अबोला त्या भेटींनी फेडायला बघताय ना, ते नाही व्हायचं. किती भेटी झाल्या म्हणजे फिटलं? हा आकडा कुणालाच सांगता येत नाही, म्हणून तर हलकं वाटत नाहीये.

पाप म्हटलं की आपल्याला चोरी, खून असलं काहीतरी आठवतं. पण बायबलच्या नव्या करारात पापासाठी नेहमी येणारा ग्रीक शब्द आहे हामार्तिया, त्याच्या मुळाशी नेम चुकणं असा अर्थ आहे. येशूचा प्रेषित पौल त्याच नव्या करारातल्या रोमकरांस पत्रात (३:२३) म्हणतो सगळ्यांनीच पाप केलंय, त्यात तुम्ही आलात, मी आले आणि तुमचे वडीलही आले. ऐकायला कडू आहे, पण मला यात फार दिलासा वाटतो, कारण मग कोण जास्त वाईट हा हिशोबच उरत नाही, सगळ्यांना एकाच दारातून आत जायचंय.

लूकच्या शुभवर्तमानाच्या १९व्या अध्यायातला जक्कय आठवा. यरीहो गावातला मुख्य जकातदार, म्हणजे कर वसूल करणारा, श्रीमंत, आणि लोकांच्या मते पक्का पापी. ठेंगणा होता म्हणून येशूला बघायला झाडावर चढला, तर येशूनं त्याला खाली बोलावलं आणि आज मला तुझ्याच घरी उतरायचंय म्हणून सांगितलं. लोक कुरकुरले. मग जक्कय उभा राहून म्हणतो की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि कुणाला फसवलं असेल तर चौपट परत करतो. यात आधी काय झालं ते बघा. आधी पैसे परत कर मग तुझ्याकडे येतो असं येशू म्हणालाच नाही! तुम्ही मात्र चौपट भरून झाल्याशिवाय त्याला घरात घ्यायला तयार नाही.

फुकट म्हणाल तर ते घेणाऱ्याला, देणाऱ्यानं त्याची किंमत वधस्तंभावर मोजली अशी आपली श्रद्धा आहे. आणि कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं का, हा प्रश्न पौलानं स्वतःच रोमकरांस पत्राच्या ६व्या अध्यायात विचारलाय आणि मुळीच नाही असं ठणकावलंय. इफिसकरांस पत्रातही २:८-९ मध्ये तारण हे देवाचं दान आहे, कर्मांनी नाही, असं सांगून लगेच १०व्या वचनात सत्कर्मं येतातच. याच विषयावरून १६व्या शतकात चर्च कॅथलिक आणि प्रोटेस्टंट असं दुभंगलं, आणि १९९९ मध्ये कॅथलिक चर्च आणि प्रोटेस्टंटांपैकी लूथरन चर्चेसची जागतिक संघटना लूथरन वर्ल्ड फेडरेशन यांनी मिळून जाहीर केलं की देव आपल्याला स्वीकारतो ते केवळ कृपेनं, आपल्या पुण्याईवर नाही.

वडिलांना आता सॉरी म्हणता येणार नाही, ती हुरहुर क्षमा मिळाल्यावरही राहील, तिला पापाची शिक्षा समजू नका. प्रार्थनेत एकदा त्या नऊ वर्षांबद्दल मोकळेपणी बोला, सोबत किती दान दिलं ते न सांगता. आजारी माणसांकडे जाणं थांबवू नका, फक्त तिथे बसल्यावर मनात वडिलांचा हिशोब सुरू होतोय का तेवढं बघा.