चिकन वातड, सिमला मिरची कच्ची

प्रश्न : ताई, नवीन ओटीजी (भाजायचा छोटा विजेचा ओव्हन) घेतला म्हणून रविवारी चिकन ब्रेस्टचे तुकडे, कांदा, सिमला मिरची सगळं एकाच काडीला ओवून भाजलं. दही-लिंबू-मसाला रात्रभर लावून ठेवला होता तरी चिकन वातड, भाज्या कच्च्या, ट्रेमध्ये हे एवढं पाणी आणि काड्या पण जळाल्या. सासूबाई माळकरी, त्यांना तर काहीच देता आलं नाही.
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : अहो, चिकन आणि भाज्या एका काडीला ओवूच नका, दिसायला छान दिसतं पण दोघांना लागणारा वेळ वेगळा. आणि घरात माळकरी माणूस असल्यावर तर वेगळं करायलाच हवं. भाज्या-पनीरचा मसाला वेगळ्या भांड्यात, ब्रश वेगळा, आणि त्यांच्या काड्या आधी भाजून काढायच्या, मग चिकन.

ब्रेस्टला चरबी नसते म्हणून ते लगेच कोरडं पडतं, बोनलेस थाय (मांडीचं बिनहाडाचं मांस) घ्या, दीड इंचाचे तुकडे. पाणी येतं ते पातळ दह्यामुळे, दही फडक्यात टांगून चक्का करा. अर्ध्या किलोला चार मोठे चमचे चक्का, आलं-लसूण, काश्मिरी तिखट, मीठ, थोडं तेल आणि चमचाभर भाजलेलं बेसन, त्याने मसाला चिकटून राहतो. हळद अर्धा चमचाच हां, सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय म्हणून मूठभर नाही घालायची, कडवट लागते :) आपला कांदा-लसूण मसाला पण इथे नको, त्यातलं खोबरं करपतं. लिंबू रात्रभर लावलं की चिकन पिठूळ होतं, ते भाजल्यावर वरून पिळा. फ्रिजमध्ये तीन-चार तास बास.

लाकडी काड्या अर्धा तास पाण्यात बुडवा, तुकडे एकमेकांना अगदी चिकटवून ओवू नका, मधे आतून कच्चं राहतं. ओटीजी आधी २२० डिग्रीला चांगला तापू दे, काड्या जाळीवर, ट्रे खाली, मधे एकदा उलटून साधारण पंधरा मिनिटं. थर्मामीटर असेल तर आत ७४ डिग्री, नसेल तर सगळ्यात मोठा तुकडा कापून बघा, गुलाबी दिसला तर अजून ठेवा. कच्च्या चिकनचा उरलेला मसाला वरून लावायचा नाही, तेल किंवा बटर लावा.

आणि ऐनवेळी लाइट गेली तर जाड लोखंडी तवा कडक तापवा, काड्या तव्यात मावतील एवढ्या तोडून घ्या नाहीतर तुकडे तव्याला टेकतच नाहीत, आणि झाकण अजिबात नको, वाफेने परत पाणी सुटतं.