प्रश्न घराचा, घोळ पॉलिसीचा

ठाण्याच्या घोडबंदर रोडवरून ४६ वर्षांच्या वाचकांचं पत्र आहे. बंदिस्त कॉम्प्लेक्स, गेटवर पहारा, पोहायचा तलाव, मेंटेनन्स महिना १२ हजार. आणि कोथिंबिरीच्या जुडीसाठी गाडी काढायची. हा टू बीएचके दीड कोटीला विकून दादरच्या हिंदू कॉलनीत दोन कोटींचा जुना वन बीएचके घेऊ का, असं ते विचारतात. ‘मेंटेनन्सचे ९ हजार वाचतील. सहा वर्षांनी पॉलिसीचे ६० लाख आले की कर्ज फिटेल.’

हौस रास्त आहे. १८९६ च्या प्लेगनंतर शहर सुधारायला स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंगा आखलं, त्याचा फायदा तिथले रहिवासी आजही घेतात. शाळा, भाजी, स्टेशन सगळं पायी.

पण तूट ५० लाखांची नाही. स्टॅम्प ड्युटी १२ लाख, दोन्हीकडची दलाली धरून ६५. एफडी मोडून २० उभे केलेत तरी कर्ज ४५ लाख. साठीच्या आत फेडायचं तर साडेआठ टक्क्यांनी हप्ता ४६ हजार. नऊ हजार वाचवायला!

आता त्या ६० लाखांकडे येतो. वर्षाला २ लाख, १५ वर्षं, म्हणजे तुम्ही भरणार ३० लाख. एंडोमेंट पॉलिसीत, म्हणजे विमा आणि बचत एकत्र बांधलेल्या पॉलिसीत, पाच टक्के सुटले तरी नशीब. त्या हिशेबाने ४५ लाख होतात. साठ लाख व्हायला आठ टक्क्यांहून जास्त लागतात. एजंटने माहितीपत्रकावर पेनाने लिहिलेला आकडा म्हणजे करार नव्हे. पुढचे बोनस अजून जाहीरच व्हायचे आहेत.

याहून वाईट गोष्ट तुम्ही कंसात उरकली आहे: विमा २० लाख. पत्नी कमावत नाहीत, मुलगी आठवीत, घरखर्च ८० हजार. तुमच्यामागे २५ महिने! वर ४५ लाखांचं कर्ज घ्यायला निघालात. नऊ वर्षं दोन-दोन लाख भरून घेतलेलं हे संरक्षण. विकणाऱ्याचं कमिशन मात्र वेळेवर पोचलं असणार.

आधी साठीपर्यंतचा दीड कोटींचा टर्म इन्शुरन्स घ्या, म्हणजे बचत नसलेला, फक्त मृत्यूनंतर पैसे देणारा विमा. प्रकृती ठणठणीत असेल तर सध्याच्या प्रीमियमच्या पाव भागात बसावा. तो हातात आल्याशिवाय जुनी पॉलिसी हलवू नका. दादर हवंच असेल तर ठाण्याचं घर भाड्याने देऊन वर्षभर तिथे भाड्याने राहा. महिन्याला वीसेक हजार पदरचे जातील, पण लिफ्ट नसलेला चौथा मजला झेपतो का ते कळेल.

दरम्यान विमा कंपनीच्या शाखेतून सरेंडर (आज पॉलिसी मोडली तर मिळणारी) आणि पेड-अप (हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली तर मिळणारी), दोन्ही रकमा लेखी घ्या आणि मला पाठवा. एजंटला सोबत नेऊ नका.