हिमोग्लोबिन ठीक, तरी धाप का?

प्रश्न: सासूबाईंना हार्ट फेल्युअर आहे. हिमोग्लोबिन १२.४, तरी जिना चढताना धाप लागते. खजूर, अळीव चालू आहेत. लोहाच्या गोळ्या देऊ का?
– एक सून, सातारा

उत्तर: ताई, हिमोग्लोबिन चांगलं असूनही शरीरातला लोहाचा साठा आटलेला असू शकतो, आणि त्यानेही धाप लागू शकते. हे फार वेळा नजरेतून सुटतं, याची मला काळजी वाटते. रक्तातलं फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन) आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (लोह वाहून नेणाऱ्या प्रथिनावर किती टक्के लोह आहे ते) तपासा. या आजारात फेरिटिन १०० च्या खाली, किंवा १०० ते २९९ असून सॅच्युरेशन २० टक्क्यांखाली असेल, तर कमतरता धरतात. गोळ्या मनाने सुरू करू नका. २०१७ च्या ‘आयर्नआउट’ या संशोधनात लोहाच्या गोळ्यांनी हार्ट फेल्युअरच्या रुग्णांची श्रम करण्याची ताकद वाढली नव्हती. शिरेतून लोह देण्याबद्दल हृदयरोगतज्ज्ञांना विचारा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल आणि शौचाला काळं होत असेल, तर तेही सांगा; पोटात रक्तस्राव होऊन लोह कमी होत असू शकतं. अळीव राहू द्या, जेवणावर लगेच चहा मात्र नको, त्याने लोह नीट शोषलं जात नाही.